कुत्र्याला गाजर: खाऊ की औषध?

थंडी सुरू झाली की मंडईत लाल गाजरांचे ढीग लागतात. भोगीच्या भाजीपासून हलव्यापर्यंत आणि कोशिंबिरीपासून लोणच्यापर्यंत गाजर घराघरांत रोजचे होऊन जाते. ज्या घरात कुत्रा आहे तिथे किसणीचा आवाज आला की तोही स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसतो. त्याला एखादी फोड द्यावी का, किती आणि कशी द्यावी, याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींच्या मते डोळे, दात, कातडी, पोट अशा साऱ्या तक्रारींवर गाजर हा उपाय आहे. दुसरे म्हणतात, माणसाच्या ताटातले कुत्र्याला काहीच देऊ नका. कुत्र्यावरची माया दोघांचीही खरी असते आणि दोघांकडेही ऐकण्यासारखे काही असते.

म्हणून हा संवाद. यातली आत्या बँकेतून निवृत्त झालेली. तिच्याकडे राणी नावाची आठ वर्षांची लॅब्रेडॉर आहे, नसबंदीनंतर वजन वाढलेली. भाचा पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्याकडे गोट्या नावाचा पग आहे. पात्रे कल्पित आहेत, पण त्यांचा वाद अनेक घरांत रोज चालतो.

आत्या: हे बघ, राणीला मी रोज संध्याकाळी गाजर देते आणि देत राहणार. आधी आमच्या चहाच्या वेळी ती बिस्किटांसाठी पाय धरून बसायची, आता गाजरावर खूश असते. यात वाईट काय आहे ते मला सांग.

भाचा: गाजर वाईट आहे असं मी म्हणतच नाही, आत्या. पण लोकांनी त्याला देव्हाऱ्यात नेऊन बसवलंय, ते मला पटत नाही. कुत्रा मुळात मांस खाणारा प्राणी. त्याचे दाढेचे दात कात्रीसारखे एकमेकांवरून सरकतात. जबडा फक्त वर-खाली होतो, आपल्यासारखा आडवा फिरत नाही, त्यामुळे घास दळून बारीक करणं त्याला जमत नाही. लाळेत पिष्ट पचवणारं अमायलेजही जवळजवळ नसतं. संतुलित आहार मिळत असेल, तर गाजरावाचून त्याचं काहीही अडत नाही.

आत्या: गरज नसणं वेगळं आणि चालत नसणं वेगळं. धनगरांच्या वाड्यांवरचे कुत्रे पिढ्यानपिढ्या भाकरी खाऊन मेंढरं राखत आलेत. त्यांना रोज मटण कोण घालत होतं?

भाचा: बरोबर आहे, आणि या बाबतीत शास्त्रही तुझ्या बाजूने आहे. 2013 मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना केली. स्वादुपिंडात अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती सापडल्या, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या दारात राहून, त्याचं उरलंसुरलं खाऊन कुत्र्याचं पोटच बदललं. म्हणून भात-भाकरी त्याला पचते. पण गाजर म्हणजे भाकरी नव्हे. शंभर ग्रॅम गाजरात जवळपास 88 ग्रॅम पाणीच असतं. उरलं त्यात पावणेपाच ग्रॅम साखर, पावणेतीन ग्रॅम चोथा आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. त्यावर कुत्रा पोसला जाणार नाही.

आत्या: पोसायला मी राणीला तिचं जेवण देतेच की. गाजर वरचा खाऊ म्हणून देते. आणि त्यात अ जीवनसत्त्व असतं, ते डोळ्यांना चांगलं. हे तर शाळेच्या पुस्तकातही आहे.

भाचा: थोडं नीट सांगतो. गाजरात असतं बीटा कॅरोटीन, आणि शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करतं. कुत्र्याला ते जमतं, मांजराला जवळजवळ जमत नाही. शिवाय शरीर गरजेपुरतंच कॅरोटीन बदलून घेतं, म्हणून गाजर जास्त झालं तरी अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. तो धोका रोज भरपूर यकृत खाऊ घालण्यात आहे. इथपर्यंत गाजराच्या बाजूने बोललो. पण राणीच्या रोजच्या खाण्यात अ जीवनसत्त्व पुरेसं असेल, तर वरून गाजर देऊन तिची नजर आणखी तेज होणार नाही. वयामुळे मोतीबिंदू व्हायला लागला, तर तो गाजराने थांबत नाही. अशा वेळी लोक डॉक्टरकडे जायचं सोडून गाजर वाढवत बसतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. माझा राग त्याच्यावर आहे.

आत्या: तसा कोणी वेळ घालवत असेल तर मीही त्याला बोल लावीन. पण आपल्यात म्हणतात ना, गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली. डोळ्यांना फायदा झाला तर उत्तम, नाही झाला तर निदान पोटात चांगली गोष्ट गेली.

भाचा: कुत्र्याच्या बाबतीत तिथेच घोळ होतो. तो मोडून खात नाही, गिळतो. त्याच्याकडे मी येतोच. आधी तुझी बिस्किटं घेऊ, कारण त्या मुद्द्यावर तू जिंकणार आहेस.

आत्या: सांग तर मग.

भाचा: शंभर ग्रॅम ग्लुकोज बिस्किटांत साडेचारशेच्या आसपास कॅलरी असतात, शंभर ग्रॅम गाजरात 41. साठेक ग्रॅमचं मध्यम गाजर म्हणजे पंचवीस कॅलरी. तेवढ्या कॅलरी एखाद्या बिस्किटातच येतात. बिस्किट राणी एका घासात संपवते आणि दुसरं मागते. गाजर तिला काही वेळ पुरतं, त्यातलं पाणी आणि चोथा पोटात जागाही धरतो. वजन कमी करायचं असेल तेव्हा पशुवैद्य स्वतःच खाऊच्या जागी गाजर किंवा फरसबी सुचवतात.

आत्या: बघ! आणि आमची राणी किती खादाड आहे हे तुला माहीत आहे. जेवून उठली तरी दहा दिवसांची उपाशी असल्यासारखी बघते.

भाचा: त्यात तिचा दोष नाही, तुझ्या वळणाचाही नाही. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना लॅब्रेडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. तो गळाला की पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये हा दोष असतो. अशा कुत्र्याचा मालक मायेपोटी खाऊ देत जातो आणि कुत्रा नाही म्हणत नाही. याची किंमत किती मोठी असते, तेही मोजलं गेलंय. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं. 2002 मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणाऱ्यांचं आयुष्य साधारण 13 वर्षांचं भरलं, दुसऱ्यांचं 11.2. सांधेदुखीही त्यांना उशिरा झाली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षं म्हणजे फार मोठा काळ.

आत्या: म्हणजे मी बिस्किट बंद करून गाजर सुरू केलं, हे योग्यच केलं.

भाचा: अगदी योग्य. गाजराचा खरा गुण हाच आहे. त्याने दुसरा वाईट खाऊ हटतो. पण बिस्किटं चालू ठेवून वर गाजर दिलं, तर वजनावर काही फरक पडत नाही.

आत्या: मग किती द्यायचं? मी तर दोन-तीन गाजरं सहज देते.

भाचा: पशुवैद्यांचा सर्वमान्य नियम असा की दिवसभराच्या एकूण कॅलरींपैकी खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. राणीचं योग्य वजन 30 किलो धरलं, तर नसबंदी झालेल्या आणि फार न पळणाऱ्या कुत्रीला दिवसाला साधारण बाराशे कॅलरी लागतात. त्याचे दहा टक्के म्हणजे 120. हिशोबाने त्यात चार-पाच गाजरं बसतील, पण पोटात बसणार नाहीत. इतका चोथा गेला की शी पातळ होते, गॅस होतो. तिला रोज एक मध्यम गाजर पुष्कळ झालं. आठ किलोच्या गोट्याला दिवसभरात साडेचारशे-पाचशे कॅलरी पुरतात, त्याला अर्धं गाजर बस. आणि पहिल्यांदाच देत असशील, तर बोटाच्या पेराएवढा एक तुकडा देऊन दोन दिवस शी बघायची. नवं काहीही हळूहळू वाढवायचं.

आत्या: आणि तू म्हणालास ते गिळण्याचं?

भाचा: हाच मला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. गाजरात विष नाही, पण त्याचा आकार आणि कडकपणा घात करू शकतो. आपण कोशिंबिरीसाठी किंवा लोणच्यासाठी चकत्या करतो आणि त्यातलीच एक कुत्र्याला टाकतो. गोल, कडक, गुळगुळीत चकती घशात बरोबर बसते आणि वाट बंद करते. जाडजूड तुकडा अन्ननलिकेत किंवा पुढे आतड्यात अडकू शकतो. लहान कुत्रा, पिल्लू, दात पडलेला म्हातारा कुत्रा आणि अधाशी लॅब्रेडॉर, हे चौघं सर्वांत धोक्यात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचा श्वास आधीच अरुंद वाटेने चालतो, त्याला तर जराही चूक परवडत नाही.

आत्या: राणीला मी अख्खं गाजर देते. ती पुढच्या पायांत धरून कुरतडते.

भाचा: कुरतडते तोवर ठीक. शेवटचा अंगठ्याएवढा तुकडा राहिला की ती काय करते?

आत्या: गिळते.

भाचा: तोच तुकडा घातक. अख्खं गाजर द्यायचंच असेल, तर ते हातात धरून तिला चावू द्यायचं आणि शेवटचा भाग काढून घ्यायचा. त्याहून बरं म्हणजे आधी उभं चिरायचं, मग लांबट पातळ फोडी करायच्या. लहान कुत्र्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे किंवा कीस जेवणात मिसळायचा. गोल चकत्या कोणालाही नाहीत. दोन कुत्रे असतील, तर दोघांना वेगवेगळ्या ठिकाणी द्यायचं, कारण दुसरा हिसकावेल या भीतीने कुत्रा न चावता गिळतो. आणि खाऊन होईपर्यंत समोर बसायचं. गाजर टाकून दार ओढून बाहेर जायचं नाही.

आत्या: आणि इतकं सांभाळूनही अडकलं तर?

भाचा: कुत्रा पंजाने तोंड ओरबाडतो, लाळ गळते, खोकण्याची धडपड करतो पण आवाज फुटत नाही. जीभ आणि हिरड्या निळसर पडायला लागल्या, तर हातात फार वेळ नाही. तोंड उघडून बघायचं. तुकडा दिसत असेल आणि बोटांत येत असेल, तर काढायचा. दिसत नसेल तर आत बोटं फिरवायची नाहीत, तुकडा आणखी खोल जातो. घाबरलेला कुत्रा चावतो, हेही लक्षात ठेवायचं. लहान कुत्र्याचं डोकं खाली राहील असं त्याला मागच्या पायांकडून उचलायचं. मोठ्या कुत्र्याच्या मागे उभं राहून, बरगड्या संपतात त्याच्या खाली मूठ ठेवून वर आणि पुढच्या दिशेने झटके द्यायचे. तुकडा निघाला तरी दवाखान्यात जायचं, कारण घशाला आतून इजा झालेली असू शकते. आणि गाजर खाल्ल्यावर दिवसभरात वारंवार उलट्या, पोटात दुखल्यासारखी कमान, शी बंद, असं काही दिसलं तर तुकडा आतड्यात अडकल्याची शंका घ्यायची आणि थांबायचं नाही.

आत्या: हे सगळं ऐकून एखादा म्हणेल, नकोच ते गाजर.

भाचा: तसं म्हणायची गरज नाही. चिरायला दोन मिनिटं लागतात, तेवढी काढायची. आणि शिजवून दिलं तर हा धोका जवळजवळ उरतच नाही.

आत्या: पण शिजवलं की त्यातलं सत्त्व जातं ना? म्हणून तर मी कच्चं देते.

भाचा: कुत्र्याच्या बाबतीत उलटं आहे. गाजराच्या पेशींची भिंत जाड असते. कुत्रा चावत नाही, त्यामुळे ती फुटत नाही आणि आतलं कॅरोटीन आतच राहतं. म्हणूनच कच्चं गाजर दिलं की दुसऱ्या दिवशी शीमध्ये केशरी तुकडे जसेच्या तसे दिसतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण त्या तुकड्यांतलं फारसं काही अंगी लागलेलं नसतं. कुकरला एखादी शिट्टी दिली किंवा वाफवलं, तर भिंत मऊ होते आणि कॅरोटीन मोकळं होतं. पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वं कमी होतात, पण तेच पाणी जेवणात घातलं तर तीही वाया जात नाहीत. वाफवताना मीठ, हळद, फोडणी, काही घालायचं नाही. आणि पूर्ण गार झाल्यावर द्यायचं.

आत्या: कच्चं चावल्याने दात स्वच्छ होतात, त्याचं काय? सोसायटीतले सगळे तेच सांगतात.

भाचा: चावताना दाताच्या टोकावरचा थोडा थर घासला जात असेल. पण कुत्र्याचा दात खराब व्हायला सुरुवात होते हिरडीच्या कडेला. तिथे चिकट थर बसतो, त्याचं किटण होतं, हिरडी सुजते, तोंडाला वास येतो. गाजर तिथपर्यंत पोहोचत नाही. दातांना खरा उपयोग ब्रशचाच, तोही कुत्र्यांसाठीच्या पेस्टने. आपली पेस्ट कुत्रा थुंकत नाही, गिळतो. आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्याला विषारी आहे. आणि आणखी एक. फ्रीझरमध्ये दगड झालेलं गाजर देऊ नकोस. नखाने दाबून ज्याला खूण पडत नाही, असं काहीही कुत्र्याच्या दाताखाली द्यायचं नाही. वरची मोठी दाढ चिरफळते आणि मग ती काढावी लागते.

आत्या: शेजारच्या पिल्लाला दात येतायत, म्हणून त्यांना मीच गोठवलेलं गाजर सुचवलं होतं.

भाचा: त्यांना सांग, नुसतं फ्रीजमध्ये गार केलेलं द्या. हिरड्यांना थंडावा मिळतो, तेवढाच हेतू. आणि पिल्लू चघळत असताना कोणीतरी जवळ बसायला हवं.

आत्या: लाल गाजर चांगलं की केशरी? आमच्याकडे हिवाळ्यात लाल, एरवी उटीची केशरी.

भाचा: कुत्र्यासाठी दोन्ही चालतात. लाल गाजराचा रंग मुख्यतः लायकोपीन या रंगद्रव्याचा, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या पुसा रुधिरा जातीत ते भरपूर असतं. केशरी गाजरात बीटा कॅरोटीन जास्त. रंगापेक्षा स्वच्छतेकडे बघ. गाजर मातीत वाढतं, म्हणून घासून धुवायचं, साल तासायची, देठाकडचा हिरवट कडक भाग काढून टाकायचा.

आत्या: आता माझा एक प्रश्न. मध्ये मी वाचलं की गाजर खाणाऱ्या कुत्र्यांना कर्करोग कमी होतो. ते खोटं म्हणशील?

भाचा: खोटं नाही, अपुरं आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात 2005 मध्ये स्कॉटिश टेरिअर कुत्र्यांवर अभ्यास झाला. या जातीला मूत्राशयाचा कर्करोग इतरांपेक्षा कितीतरी जास्त होतो. ज्यांना आठवड्यातून तीनदा किंवा जास्त वेळा पालेभाज्या अथवा पिवळ्या-केशरी भाज्या मिळत होत्या, त्यांच्यात तो कर्करोग कमी आढळला. पण तो एका जातीचा, एका प्रकारच्या कर्करोगाचा अभ्यास होता, आणि काय खाऊ घातलं ते मालकांना आठवून सांगावं लागलं होतं. भाजी देणारा मालक एरवीही जास्त काळजी घेणारा असू शकतो. त्यावरून राणीला कर्करोग होणारच नाही, असं म्हणता येत नाही.

आत्या: पण भाजी देणं निरर्थक आहे, असंही म्हणता येत नाही.

भाचा: ते मला मान्य. भाज्यांविषयी आणखी शोध घ्यायला हवा, असं तो अभ्यास नक्कीच सांगतो.

आत्या: आणि जुलाब झाले की मी उकडलेलं गाजर भातात कुस्करून देते. ते तरी चुकीचं नाही ना?

भाचा: त्याला तर मोठा इतिहास आहे. 1908 मध्ये एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने जुलाब होणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी गाजराचं सूप वापरलं. अर्धा किलो गाजरं लिटरभर पाण्यात तास-दीड तास उकळायची, घोटायची, पुन्हा पाणी घालून लिटरभर करायची आणि किंचित मीठ टाकायचं. इतका वेळ उकळल्यावर गाजरातल्या पेक्टिनचे बारीक तुकडे होतात, ते जंतूंना आतड्याच्या भिंतीला चिकटू देत नाहीत, असं मानलं जातं. जर्मनीत आजही कुत्रा पाळणारे लोक हे सूप करतात. धडधाकट मोठ्या कुत्र्याला एखाद्या दिवसाचे साधे जुलाब झाले, तर हरकत नाही. पण जुलाबात रक्त, सोबत उलट्या, ताप, किंवा कुत्रा निपचित पडला असेल, तर गाजर बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. लस पूर्ण न झालेल्या पिल्लाच्या बाबतीत तर एक दिवसही थांबायचं नाही. आपल्याकडे पार्व्हो विषाणूची साथ सारखी असते आणि पिल्लू पाणी कमी होऊन बघता बघता जातं.

आत्या: आता राणीला साखरेचा त्रास निघाला, तर?

भाचा: मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, लघवीत खडे किंवा पोटाचं पथ्य असेल, तर गाजरसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहात रोजचं खाणं ठरावीक वेळी ठरावीक प्रमाणात लागतं, इन्सुलिनचा हिशोब त्यावर असतो. आज एक गाजर, उद्या तीन, असं चालत नाही.

आत्या: पटलं. पण आता माझं ऐक. तुम्ही डॉक्टर मंडळी म्हणता, पाकिटातलं द्या. मला माझ्या हाताने धुतलेलं, चिरलेलं गाजर पाकिटावरच्या बारीक अक्षरांपेक्षा भरवशाचं वाटतं. त्यात काय आहे ते मला दिसतं. प्रत्येक घराला महागडे खाऊही परवडत नाहीत. चार रुपयांत चांगला खाऊ होत असेल, तर तो लोकांना सांगायला हवा.

भाचा: सांगायलाच हवा. मला भीती आहे ती एवढीच, की गाजर चालतं म्हटलं की गाजराचं काहीही चालतं, असा अर्थ काढला जातो. संक्रांतीच्या दिवसांत दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं. हलव्यात साखर, तूप, खवा आणि वर बेदाणे. तुपाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि बेदाण्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती बेदाणे सुरक्षित, अशी मर्यादाच ठरवता येत नाही. कुणाला थोड्याने होतं, कुणाला होत नाही. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टरिक आम्ल असावं असं मांडलं, कारण चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच त्रास दिसला. म्हणजे चिंच-गुळाच्या आमटीतलं गाजरही नको. कोशिंबिरीत कांदा असतो. कांदा आणि लसूण कच्चे असोत, शिजलेले असोत की मसाल्यातली पूड असो, त्यांनी कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. त्याचा परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो. कुत्रा गळून जातो, हिरड्या पांढुरक्या होतात, लघवी गडद होते. तोवर कांदा दिल्याचं कोणाच्या लक्षातही नसतं. लोणच्यात मीठ, मोहरी, तिखट. भोगीच्या भाजीत मसाला आणि तेल.

आत्या: गल्लीतल्या कुत्र्यांना लोक हलव्याची पातेली चाटायला देतात. पुण्य म्हणून.

भाचा: ते पुण्य त्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि कुत्र्याने बेदाणे खाल्ल्याचं कळलं, तर लक्षणांची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना फोन करायचा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. त्या मिठानेच कुत्र्याला विषबाधा होते.

आत्या: मग असं करू. गाजर चिरायला घेतलं की पहिली फोड राणीची, कांदा आणि मीठ पडायच्या आधी. बाकीचं आपलं.

भाचा: ती फोड उभी चिरलेली, आणि ती खाऊन होईपर्यंत तू समोर. असं करणार असशील, तर गोट्याचं अर्धं गाजरही मी तुझ्याकडेच ठेवतो.

दोघांच्या बोलण्यातून एवढे नक्की होते की गाजर हे कुत्र्यासाठी ना जेवण, ना औषध, ना दात घासायचा ब्रश. तो चांगला, स्वस्त, कमी कॅलरीचा खाऊ आहे, आणि बिस्किटाच्या जागी दिला तरच त्याचा लाभ आहे. आत्याचा ताज्या, डोळ्यांसमोर चिरलेल्या अन्नावरचा विश्वास योग्य आहे. त्या विश्वासाला मापाची आणि सुरीची शिस्त हवी, हा भाच्याचा आग्रहही तितकाच योग्य आहे. दोन्ही बाजू एकत्र घेतल्या, तर घरातल्या कुत्र्याला काही गमवावे लागत नाही.

वाचकांना विनंती एवढीच. गाजर धुवा, तासा, उभे चिरा किंवा वाफवा. मोठ्या कुत्र्याला दिवसाला एक, लहान कुत्र्याला अर्धे, यापुढे जाऊ नका. गोल चकती, गोठवलेले गाजर, हलवा, कोशिंबीर आणि लोणचे त्याच्यापुढे ठेवू नका. तो खात असताना शेजारी बसा, आणि आपल्या पशुवैद्याचा फोन नंबर घरातल्या प्रत्येकाकडे असू द्या.